लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये गृहकर्जाच्या अर्जात का धरले जात नाहीत?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणा. हातात येणारा पगार २० हजार रुपये. कमावणारा तो एकटाच. बायको घर आणि दोन मुलांची शाळा सांभाळते. ऑगस्ट २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार रुपये तिच्या खात्यात येतात. भाड्याच्या दोन खोल्या सोडून स्वतःचे घर घ्यायचे म्हणून दोघे गृहकर्जाचा अर्ज भरायला बसतात आणि पहिल्याच पानावर अडतात. 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न' या रकान्यात २० हजार लिहायचे की साडेएकवीस हजार?

बहुतेक बँकांच्या लेखी याचे उत्तर २० हजार असे आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. दीड हजार रुपये कर्जाची रक्कम वाढवत नाहीत, मात्र कर्जासाठी जोडलेल्या कागदांमुळे ते बंद होऊ शकतात. आणि हेच दीड हजार दुसऱ्या मार्गाने वापरले, तर मिळणारे कर्ज त्यांच्यामुळे खरोखर वाढूही शकते. हे कसे होते, ते समजून घेऊ.

बँक 'उत्पन्न' कशाला म्हणते?

गृहकर्ज १५-२० वर्षांचे असते. त्यामुळे आज हातात किती पैसे आहेत, यापेक्षा पुढची २० वर्षे दरमहा किती येत राहतील, याकडे बँक पाहते. त्यासाठी तिच्या तीन कसोट्या असतात. पैसे मिळण्याचा हक्क पक्का आहे का? ते किती काळ मिळणार? आणि त्याचा कागद आहे का?

पगार या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. पगारपत्रक असते, बँक खात्यातील नोंदी असतात, भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते. ओव्हरटाइम आणि उत्पादन भत्ता दर महिन्याला बदलतो, म्हणून बँका त्याची काही महिन्यांची सरासरी काढतात किंवा त्यातला काही भागच धरतात. प्रवासखर्चाची भरपाई बहुधा धरलीच जात नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे उदाहरण इथे बोलके आहे. पतीच्या निधनानंतर पत्नीला मिळणारे निवृत्तिवेतनही घरी बसून मिळते, त्यामागे तिची नोकरी नसते. तरीही अनेक बँका ते उत्पन्न म्हणून धरतात, कारण नियमाने ते तिला आयुष्यभर मिळत राहते आणि त्याचा अधिकृत आदेश तिच्या हातात असतो. म्हणजे पैसे कष्टाचे आहेत की सरकारी, हा बँकेचा प्रश्नच नाही. ते उद्या थांबू शकतात का, एवढेच ती पाहते.

मग लाडकी बहीण योजना या कसोटीवर कुठे बसते?

ही योजना २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. घरात कोणी आयकरदाता असेल, कायमस्वरूपी सरकारी नोकरीत असेल किंवा ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल, तर लाभ मिळत नाही.

बँकेच्या नजरेने पाहिले तर यात चार अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी, की शासन निर्णयाने सुरू झालेली योजना दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे आश्वासन दिले होते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही. २०२४-२५ साठी या योजनेचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला होता, तर २०२५-२६ साठी तरतूद ३६ हजार कोटींची झाली. रक्कम वाढू शकते तशी कमीही होऊ शकते. 'नमो शेतकरी' आणि 'पीएम किसान' मिळून महिन्याला सरासरी हजार रुपये मिळणाऱ्या महिलांना या योजनेतून फक्त फरकाचे ५०० रुपये दिले जातात.

दुसरी अडचण पात्रतेची. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा लाभ छाननीनंतर थांबवल्याची माहिती दिली. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात महिलेबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला.

तिसरी अडचण नियमिततेची. हप्ता अनेकदा उशिरा आला, कधी दोन महिन्यांचा एकत्र आला. गृहकर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले पैसे जमा झाले, तेव्हा काही बँकांनी ते जुन्या थकबाकीपोटी किंवा किमान शिलकीच्या दंडापोटी वळते केल्याच्या तक्रारी आल्या. हे पैसे कोणत्याही वसुलीसाठी कापू नका, अशी सूचना सरकारने बँकांना केली. महिलेच्या दृष्टीने ही सूचना योग्यच होती. पण जे पैसे वसुलीसाठी हात लावू नयेत असे सरकारच सांगते, ते पैसे परतफेडीचा आधार म्हणून बँक कशी धरणार?

धरले असते तर किती फरक पडला असता?

हिशेब मांडून पाहू. कमी पगाराच्या अर्जदाराकडून सर्व कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचे, असे गणित अनेक बँका करतात. २० हजारांवर हे होतात ८ हजार रुपये. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर एका लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळेल सुमारे ९ लाख २० हजार.

आता उत्पन्न साडेएकवीस हजार धरले, तर हप्त्याची मर्यादा ८,६०० होते आणि कर्ज साधारण ६९ हजारांनी वाढते. एवढाच फरक व्याजदर साडेआठवरून साडेसात टक्क्यांवर आला तरी पडतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. म्हणजे दीड हजार रुपये उत्पन्नात न धरल्याने झालेले नुकसान या एका वर्षाच्या व्याजदर कपातीहून जास्त नाही.

सगळेच्या सगळे दीड हजार हप्त्याला लावायची परवानगी बँकेने दिली, तर कर्ज १ लाख ७३ हजारांनी वाढेल. पण तेव्हा हप्ता होईल साडेनऊ हजार. पुढे कधी योजनेतून नाव वगळले गेले, तर २० हजारांतले साडेनऊ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मा पगार, हप्त्यातच जाईल. घरात दुसरे कोणी कमावणारे नसताना हे ओझे किती महिने निभेल? हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते आणि तारण घर ताब्यात घेण्याच्या कायदेशीर कारवाईचा रस्ता बँकेला मोकळा होतो. बँकेचा नकार इथे कुटुंबाचेही रक्षण करतो, हे कडू वाटले तरी खरे आहे.

सगळीकडेच असा नकार आहे का?

तसे नाही. भारतातच, त्याच रिझर्व्ह बँकेच्या दुसऱ्या नियमावलीत सरकारी मदतीला उत्पन्नाच्या यादीत जागा आहे. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सूक्ष्म कर्जांच्या नियमावलीत कुटुंबाचे उत्पन्न कसे मोजावे, याचा नमुना दिला आहे. त्यात घरभाडे, निवृत्तिवेतन, गावाकडून किंवा बाहेरगावाहून येणारे पैसे यांच्याबरोबर सरकारकडून मिळणारी रक्कमही मोजता येते. हे कर्ज वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आणि विनातारण असते. मुदतही गृहकर्जाच्या तुलनेत फार थोडी असते. दोन वर्षांच्या कर्जासाठी दोन वर्षांचा भरवसा पुरतो, वीस वर्षांच्या कर्जासाठी पुरत नाही.

तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मे २०२५ मध्ये नांदेडमध्ये लाडक्या बहिणींना व्यवसायासाठी ४० हजारांपर्यंत कर्ज आणि त्याचा हप्ता योजनेच्या पैशातून, अशी कल्पना मांडली होती. तीही लहान आणि अल्प मुदतीच्या कर्जाचीच होती.

युरोपात चित्र वेगळे दिसते. जर्मनीत प्रत्येक मुलामागे २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो बालभत्ता मिळत होता. ब्रिटनमध्येही बालभत्ता आहे. तिथल्या अनेक बँका हा भत्ता उत्पन्नाच्या बाजूला धरतात. मात्र मूल किती वर्षांचे आहे, हे आधी विचारतात. मूल पाच वर्षांचे असेल तर भत्ता अजून बरीच वर्षे मिळणार, सतरा वर्षांचे असेल तर तो लवकरच थांबणार. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला घर घेताना जे जमते ते वाळूजच्या कुटुंबाला जमत नाही, याचे कारण भत्त्याच्या मागे उभा असलेला कायदा आणि त्याची निश्चित मुदत हे आहे.

आपल्याकडे अशी निश्चित मुदत असलेली एक योजना आहे, 'लेक लाडकी'. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. पण त्यातले ७५ हजार मुलगी १८ वर्षांची झाल्यावर मिळतात. ते तिच्या भविष्यासाठी आहेत, दरमहाच्या हप्त्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

खरा पेच कुठे आहे?

खरा पेच कागदांचा आहे. सरकारी योजनेला 'उत्पन्न कमी आहे' असे दाखवावे लागते आणि बँकेला 'उत्पन्न पुरेसे आहे' असे दाखवावे लागते. दोन्ही ठिकाणी अर्ज तेच कुटुंब करते.

एकाच घराच्या उत्पन्नासाठी किती वेगवेगळ्या पट्ट्या वापरल्या जातात ते पाहा. केशरी शिधापत्रिका एक लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला आहे. अन्नसुरक्षा योजनेतील स्वस्त धान्यासाठी शहरात ५९ हजारांची मर्यादा आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर आर्थिक दुर्बल गटातून प्रवेश हवा असेल, तर महाराष्ट्रात एक लाखाची. लाडकी बहीण योजनेला अडीच लाखांची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात सर्वांत खालच्या गटाला तीन लाखांची. वाळूजच्या या कामगाराचे वर्षाचे उत्पन्न २ लाख ४० हजार आहे. लाडकी बहीण आणि आवास योजनेला तो नियमाने पात्र आहे. केशरी कार्डाच्या मर्यादेत तो बसत नाही. तरीही अशा असंख्य घरांत केशरी कार्डच असते. ही मर्यादा पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी ठरली आणि मधल्या काळात किमान वेतनाने कधीच तिला मागे टाकले.

आता पगार हजार रुपयांनी वाढला असे समजू. २१ हजारांनी वर्षाचे २ लाख ५२ हजार होतात. त्यामुळे कर्जाची पात्रता साधारण ४६ हजारांनी वाढते. पण अडीच लाखांची मर्यादा ओलांडल्याने नियमानुसार वर्षाचे १८ हजार रुपये थांबायला हवेत. पगारवाढीचे वर्षाला १२ हजार आले आणि १८ हजार गेले. जिथे दोघे कमावतात तिथे दुसऱ्याच्या पगारातून ही भर निघू शकते. एकट्याच्या पगारावरच्या घरात तशी सोय नसते.

याच फटीत दलाल शिरतात. 'चार-पाच लाखांचे आयकर विवरणपत्र भरून देतो, कर्ज लगेच होईल,' असा सल्ला स्वस्तात मिळतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, त्यामुळे वाढवून दाखवलेल्या उत्पन्नाची झळ लगेच बसत नाही. पण हे विवरणपत्र सरकारी नोंदीत कायमचे राहते. विवरणपत्र भरले म्हणून कोणी आपोआप आयकरदाता होत नाही हे खरे, पण अडीच लाखांची अट वेगळी आहे आणि चार लाखांचे विवरणपत्र ती थेट मोडते. मुलांची शिष्यवृत्ती, शाळाप्रवेश, शिधापत्रिका यांवरही त्याची सावली पडते. शिवाय उत्पन्न खोटे असेल तर बँकेची फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मात्र आता सर्वच शिधापत्रिकाधारकांना मिळतो, त्यामुळे तो उत्पन्नाच्या कागदाने जात नाही.

बायकोचे उत्पन्न नसताना तिचे नाव अर्जात कशाला?

घराच्या मालकीसाठी. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये घर कुटुंबातील महिलेच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असणे अपेक्षित आहे. या योजनेतील व्याज अनुदान १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर आणि वितरित झालेल्या कर्जांना लागू आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी चार टक्के अनुदान मिळते. कमाल १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. त्या वेळी कर्ज चालू असावे आणि निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे, अशी अट आहे. कुटुंबातील कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे आणि मागच्या २० वर्षांत अशा सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा.

महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण ती खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तरच मिळते. पतीचे नाव खरेदीखतात आले की ती जाते. १५ लाखांच्या घरावर हा फरक १५ हजार रुपयांचा आहे. घर तिच्या एकटीच्या नावावर आणि कर्जात पती मुख्य कमावणारा सहकर्जदार, अशी रचना अनेक बँकांना चालते. तारण दिलेल्या घराची मालकीण म्हणून तिचे नाव मात्र कर्जातही लागते. काही बँका महिला अर्जदाराला व्याजदरात थोडी सूटही देतात.

इथेच एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ती सहकर्जदार झाली की तिचाही क्रेडिट अहवाल तपासला जातो. तिचे उत्पन्न शून्य असले, तरी तिच्या नावावर कर्ज असू शकते. गटातल्या महिलांना मिळणारे सूक्ष्म कर्ज बहुतेक वेळा तिच्याच नावावर असते, मग ते मुलाच्या फीसाठी घेतलेले असो की नवऱ्याच्या दुचाकीसाठी. अशा कर्जाचा महिन्याला दोन हजारांचा हप्ता चालू असेल, तर बँक तो आठ हजारांच्या मर्यादेतून वजा करते. राहतात सहा हजार. मिळणारे गृहकर्ज तब्बल २ लाख ३० हजारांनी कमी होते.

मग दीड हजारांचा उपयोग होतो तरी कुठे?

वरचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दीड हजार रुपये उत्पन्नात धरले असते, तर कर्ज ६९ हजारांनी वाढले असते. त्याच पैशाच्या मदतीने दोन हजार हप्त्याचे छोटे कर्ज अर्जाआधी फेडून टाकले, तर पात्रता २ लाख ३० हजारांनी वाढते. उत्पन्नाच्या रकान्यात ज्या पैशाला जागा नाही, तो पैसा कर्जाच्या रकान्यातील आकडा पुसून टाकू शकतो. त्यासाठी बँकेची परवानगी लागत नाही आणि पुढे योजना बंद झाली तरी फेडलेले कर्ज परत येत नाही.

कर्ज फेडल्यावर 'कर्ज बाकी नाही' असे पत्र घ्यावे आणि क्रेडिट अहवालात ते बंद दिसते का, हे पाहावे. सिबिल, क्रिफ हाय मार्क, एक्स्पिरियन आणि इक्विफॅक्स या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. जानेवारी २०२५ पासून कर्जदात्या संस्थांना दर पंधरा दिवसांनी माहिती अद्ययावत करणे बंधनकारक झाले, त्यामुळे पूर्वीइतकी वाट पाहावी लागत नाही.

दुसरा उपयोग स्वतःच्या वाट्याच्या रकमेसाठी. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बहुधा वेगळा करावा लागतो. दरमहा दीड हजार आवर्ती ठेवीत टाकले, तर तीन वर्षांत व्याज सोडून ५४ हजार होतात. त्यातून खरेदीचा सगळा खर्च निघणार नाही, पण नोंदणीच्या दिवशी सावकाराकडे जाण्याची वेळ टळू शकते. व्याज अनुदान खरेदीनंतर वर्षावर्षाने येते, त्यामुळे सुरुवातीच्या रकमेसाठी त्यावर विसंबता येत नाही.

संभाजीनगरात आणखी कोणती अडचण येते?

माणूस पात्र असतो, घर पात्र नसते. शहरात आणि भोवती गुंठेवारीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँड पेपरवर विकलेले भूखंड, त्यांवर बिनपरवाना उभी राहिलेली घरे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरे शुल्क भरून नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसेल, तर राष्ट्रीयीकृत बँक अशा घरावर सहसा कर्ज देत नाही. वाळूज परिसरातील गावांत फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असलेल्या घरांचीही तीच गत होते.

सरकारी घरांचा पर्यायही लांबला. पडेगाव, तिसगाव, हर्सूल, सुंदरवाडी येथे प्रधानमंत्री आवास योजनेतून सुमारे ४० हजार घरे उभारण्याचा महापालिकेचा प्रकल्प निविदेतील गैरप्रकाराच्या आरोपांत अडकला आणि २०२३ मध्ये ईडीने छापे टाकले. परवडणारे, कागदपत्रे चोख असलेले घर मिळेना म्हणून कुटुंबे पुन्हा गुंठेवारीकडे वळतात.

अशा घरांना किंवा पगारपत्रक नसलेल्या रिक्षाचालक, शिलाईकाम करणाऱ्या, हातगाडीवाल्या अर्जदारांना छोट्या गृहवित्त कंपन्या कर्ज देतात. त्या घरी येऊन, धंदा पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. त्याची किंमत व्याजात मोजावी लागते. १२ टक्के दराने एका लाखाला २० वर्षांसाठी ११०१ रुपये हप्ता पडतो. आठ हजारांच्या हप्त्यात मग ७ लाख २७ हजारांचेच कर्ज बसते. साडेआठ टक्क्यांच्या तुलनेत जवळजवळ १ लाख ९५ हजार कमी. संपूर्ण दीड हजार हप्त्याला लावून जे १ लाख ७३ हजार वाढले असते, त्याहून जास्त नुकसान एका अपुऱ्या कागदामुळे होते.

यातून काय घ्यायचे?

अर्ज करताना योजनेची रक्कम लपवण्याची गरज नाही. खात्यातील नोंदीत ती दिसतेच. पण तिच्या भरवशावर हप्ता ठरवू नये. हप्ता असा असावा, की योजना उद्या बंद झाली तरी एकट्याच्या पगारातून तो निघेल. बँकेला आणि तहसील कार्यालयाला द्यायच्या कागदांवरचे उत्पन्न एकच आणि खरे असावे. ते अडीच लाखांच्या वर जात असेल, तर योजनेचे पैसे थांबतील असे धरूनच घराचा हिशेब करावा. पती-पत्नी दोघांचेही क्रेडिट अहवाल अर्जाआधी पाहावेत. विसार देण्याआधी घराची गुंठेवारी, बांधकाम परवाना आणि खरेदीखत तपासून घ्यावे.

धोरणाच्या पातळीवर एक काम बाकी राहते. उत्पन्नाची मर्यादा एका रुपयाने ओलांडताच सगळा लाभ जावा, अशी आजची रचना आहे. मर्यादा वेळोवेळी महागाईनुसार वाढवता येते, लाभ टप्प्याटप्प्याने कमी करता येतो, घर घेताना उत्पन्न खरे दाखवणाऱ्या कुटुंबाला काही वर्षे मुभा देता येते. यातले काही झाले नाही, तर वाळूजच्या त्या कामगारासमोरचा पेच कायम राहील. पगारपत्रकावर हजार रुपये वाढल्याचा आनंद मानायचा, की बायकोच्या खात्यातले दीड हजार जाणार म्हणून धास्ती घ्यायची, हे त्याला दर पगारवाढीला ठरवावे लागेल.